चाकांवरची खोली

शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी वाल सोलले. बायकोनं ते आधीच भिजवून फडक्यात बांधून ठेवले होते आणि मोड चांगले लांब आले होते. ती ट्रेलरच्या दारात बसली होती, मी समोर उपड्या बादलीवर, आणि मध्ये कोमट पाण्याची परात. माझी बोटं लोखंडात काम केलेली. दाबलं की साल हातात राहायचं आणि दाणा उडून कंपाउंडात पडायचा.

"अहो, कावळ्यांना घालताय की परातीत टाकताय?" ती म्हणाली.

"एवढे वाल कशाला घातलेस? खाणारी माणसं दोन."

"उद्या मीटिंग आहे ना. लोकं इथंच खाली बसणार. वाटीवाटी उसळ देता येईल."

"लाच देतेस काय?"

"मग? तुम्ही तोंड उघडणार म्हटल्यावर कुणीतरी उसळ द्यायला नको?"

मीटिंग आमच्या ट्रेलरची होती. बोरीवलीला आमच्या सोसायटीच्या आवारात तो उभा ठेवायचा की नाही, आणि माझ्या बायकोनं त्यात राहायचं की नाही, हे सगळे सभासद हात वर करून ठरवणार होते. हो म्हणाले तर ती खाली राहणार. नाही म्हणाले तर तिला परत तिसऱ्या माळ्यावर न्यायचं, आणि तिथून ती पुन्हा खाली उतरणार नव्हती. तिच्या हृदयाची झडप खराब होती आणि डॉक्टरनं जिना बंद केला होता.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. मला माहीत असतं तर दाणे नीट सोलले असते.

ट्रेलर कुठून आला ते सांगतो, कारण आमच्यासारख्याकडे असली वस्तू असते असं कुणाला खरं वाटत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. गिरणीत फिटर होतो. गिरणी बंद पडली तेव्हा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका गाळ्यावर लागलो. तिथं टेम्पोच्या बॉड्या बांधायचे. गाळ्याच्या मागं भिंतीला टेकून एक चिमुकला डबा पडला होता, दोन चाकांचा, पुढं हुक, वरून गोल छपराचा. कुणा परदेशी साहेबानं दुरुस्तीला टाकला आणि तो साहेब आपल्या देशात निघून गेला. तीन पावसाळे तो तिथंच. आत उंदरांनी घरं केली होती. शेठ एक दिवस म्हणाला, "मिस्त्री, हे उचल. तुझ्या घरी ने, नाहीतर मी भंगारात घालतो."

शेठ त्याला कॅराव्हॅन म्हणायचा. आम्ही ट्रेलर म्हणायचो. बिल्डिंगवाल्यांनी पुढं डबा नाव पाडलं.

मी घरी सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "आत उभं राहता येतं?" एवढंच विचारलं.

"तुला येतं. मला मान वाकवावी लागते."

"मग आणा."

दुसऱ्या दिवशी ती बसनं चारकोपला आली, जेवणाचा डबा घेऊन. तेव्हापासून माझी पाळी सुटली की रोज. रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून हुकूम सोडायची. शेठ म्हणायचा, मिस्त्री, तुझा खरा शेठ आला बघ.

पहिली भानगड दाराची. त्या साहेबाच्या देशात गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालतात, म्हणून दार उजवीकडं. आपल्याकडं रस्त्याच्या कडेला थांबलं की ते दार थेट ट्रकच्या तोंडावर उघडणार. मी ते पत्रा मारून बंद केलं आणि डावीकडं नवीन कापलं. कुजलेलं प्लायवूड काढलं, खालची चासी गंजली होती तिथं अँगल लावून वेल्डिंग केलं. भिंतीला बिजागरीवर दुमडणारी खाट केली. खिडक्यांना डासांची जाळी. बाहेरून टेम्पोचा उरलेला पिवळा रंग. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

मग ती म्हणाली, "ओटा?"

"फळी लावतो."

"फळीवर मी स्वयंपाक करणार नाही. चार दिवसांत कुबट वास येतो. कडाप्पा बसवा."

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल की फिरत्या गाडीत दगड कोण बसवतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या माहितीतल्या प्रत्येक खोलीत कडाप्प्याचा ओटा होता. कुठं बसवायचा याचासुद्धा विचार केला नाही. लग्नानंतर आम्ही घाटकोपरला चाळीत राहिलो, तिथं दारातून आत शिरलं की बसायची जागा आणि शेवटी मागच्या भिंतीला ओटा, मोरी, पाण्याचं पिंप. तसंच इथं केलं. मागच्या भिंतीला कडाप्पा, खाली मोरी, कोपऱ्यात पाण्याचा मोठा ड्रम. दोघांनी मागं सरून बघितलं. चाळीतली खोली हुबेहूब. ती तर इतकी खूश झाली की तिनं तिथंच नारळ फोडला.

शेठनं टेम्पो दिला आणि आम्ही अर्नाळ्याला, समुद्रावर राहायला निघालो. काशिमिऱ्याच्या पुढं, खाडीचा पूल यायच्या आधी, उतार लागतो. तिथं टेम्पोचं स्टिअरिंग हातात नाचायला लागलं. ती माझ्या शेजारी बसली होती. खिडकीतून मागं बघून म्हणाली, "अहो, आपली खोली ढुंगण हलवतेय."

खरंच हलवत होती. डावीकडं, उजवीकडं, दर हेलकाव्याला जास्त. मी ब्रेक मारला नाही, नुसता पाय काढला, त्यामुळं वाचलो. गाडी थांबली तेव्हा ट्रेलरचं एक चाक रस्त्याच्या खाली होतं. उतरून बघतो तर पुढचा हुक वर उचलला जात होता. सगळं वजन चाकांच्या मागं. दगड मागं, मोरी मागं, शंभर लिटर पाणी मागं. पंचवीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, आणि ट्रेलर बांधताना डोक्यात चाळ.

"पाणी ओतायला पाहिजे," मी म्हणालो.

"पाणी?" ती म्हणाली. "वेड लागलंय? प्यायचं पाणी रस्त्यावर ओतणार?"

आमच्या बिल्डिंगला पाणी सकाळी एक तास. आदल्या रात्री मी ट्रेलर बिल्डिंगखाली आणून ठेवला होता, आणि त्या तासात उठून तिनं तो ड्रम कळशी कळशीनं भरला होता. मी बूच काढलं तेव्हा तिनं पाठ फिरवली. पाणी उतारानं वाहत गेलं. तिनं रागानं मालवणीत काहीतरी म्हटलं. ती चिडली की मालवणीत जायची आणि मी मालवणचाच असूनही मला त्यातलं अर्धं न कळल्यासारखं दाखवावं लागायचं.

पुढच्या आठवड्यात मी ओटा उखडला आणि बरोबर चाकांच्या वर बसवला, मध्येच. खोलीचा सगळा आकार गेला. खाटेवरून उठलं की गुडघा कडाप्प्यावर आपटायचा. पण ट्रेलर सरळ चालायला लागला.

आणखी एक खूळ होतं. स्वयंपाक करताना बाईचं तोंड पूर्वेला पाहिजे.

"अगं, चाकं आहेत त्याला. गाडी वळली की तुझी पूर्व कुठं जाते?"

"चालताना मी कुठं रांधतेय? थांबल्यावर रांधते. थांबताना नीट थांबवा."

झालं. तीन हिवाळे मी अर्नाळ्याला, गोराईला, वज्रेश्वरीला जिथं जिथं गेलो तिथं आधी सूर्य कुठं आहे ते बघून टेम्पो मागं-पुढं करत बसायचो. एकदा गोराईला संध्याकाळी पोचलो, आभाळ भरलेलं, मी अंदाजानं लावला. सकाळी सूर्य तिच्या पाठीकडून उगवला. चहा मिळाला नाही मला. टेम्पो जोडून, वळवून, सरळ केल्यावर मिळाला.

अर्नाळ्याला सुरूच्या झाडांखाली आम्ही राहायचो. पहिल्याच खेपेला सकाळी दार उघडलं तर बाहेर सातआठ बायका उभ्या. गाडी पिवळी, वर जाळ्या, त्यांना वाटलं सरकारी दवाखान्याची आहे. एक जण माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "बाई, ऑपरेशनवाली गाडी का हो तुमची? पोरं बंद करायची?"

आम्हाला मूलबाळ नव्हतं. खूप वर्षं झाली होती, तरी तो विषय निघाला की ती आत जायची आणि तासभर बोलायची नाही. मी पुढं झालो, त्या बाईला हाकलायला. पण ही दारातच हसायला लागली. कडाप्प्याला हात टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो ऐका," मला म्हणाली, "कोणत्या घरी येऊन विचारतात बघा!" मग त्या सगळ्यांना तिनं चहा पाजला. त्यातल्या एकीनं मांदेली आणून दिली. त्या दिवशी खाट पाडून, दार उघडं टाकून आम्ही दुपारभर झोपलो. आमच्या घरात दुपारी झोपायची पद्धत नव्हती.

चौथ्या हिवाळ्यात आम्ही गेलो नाही. ती जिना चढताना पहिल्या माळ्यावर थांबायला लागली, मग प्रत्येक माळ्यावर. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यात झडप गेलेली, असं डॉक्टर म्हणाला. ऑपरेशनचं वय गेलंय, म्हणाला. वर आहेत तर वरच राहू दे, जिना अजिबात नको.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. ती वर राहिली. खिडकीशी खुर्ची लावून बसायची. आधी खाली कुणी दिसलं की हाक मारायची. मग हाक मारायला दम लागायला लागला म्हणून नुसता हात करायची. मग तेही बंद केलं. मी कामावरून आलो की विचारायचो काय केलंस, तर म्हणायची, "काय करणार? बसले."

एकदा तिला हळदीकुंकवाला जायचं होतं, तळमजल्यावरच्या गुजराती बेनकडं. मी आणि दोघा शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून उचलून नेलं. जिन्यात सगळी दारं उघडून लोकं बघायला. ती पदरानं तोंड झाकून म्हणाली, "मी काय गणपती आहे?" परत वर आणल्यावर रडली. पुन्हा कधी उचलू दिलं नाही.

मग एका सकाळी अंथरुणातूनच म्हणाली, "माका खाली ऱ्हवाचा आसा." मला खाली राहायचंय. चिडून नव्हतं. तरी मालवणीत म्हणाली.

"खाली कुठं? खाली काय आपली खोली आहे?"

"आहे की. चारकोपला उभी आहे."

मी त्याच दिवशी शेठचा टेम्पो घेऊन ट्रेलर आणला. पाण्याच्या टाकीजवळ, बदामाच्या झाडाखाली लावला. ओट्याचं तोंड पूर्वेला. तिला एक एक पायरी बसवत उतरवली, पाऊण तास लागला. गुजराती बेननं आपल्या घरातून विजेची वायर दिली आणि संडासही वापरू दिला. "बेन मारे घेर ज आवे," म्हणाली, "बीजे क्यांय नहीं." ताई माझ्याच घरी येणार, दुसरीकडं कुठं नाही.

पहिल्या दिवशी तिनं काय केलं असेल तर दारासमोर रांगोळी घातली. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याशी भांडली. सगळ्या बायका येता-जाता टेकायला लागल्या. तिची तब्येत सुधारली असं मी म्हणणार नाही, पाय सुजलेलेच होते. पण संध्याकाळी मी आलो की आता तिच्याकडं मला सांगायला असायचं. कोण कुणाकडं आलं, कुणाची सून रुसली, सहा नंबरवाल्यांनी कोणता टीव्ही घेतला. मी जेवायचो आणि ती बोलायची.

आठ दिवसांत सेक्रेटरी आला. दुसऱ्या माळ्यावर राहायचा, सरकारी कचेरीतून रिटायर झालेला, कडक इस्त्रीचा माणूस.

"मिस्त्री, हे किती दिवस?"

"ती आहे तोवर."

"अहो, असं चालत नाही. आवार सगळ्यांचं आहे. उद्या बंब आला तर वळणार कुठून? आज तुम्ही डबा लावला, उद्या दुसरा म्हैस बांधेल. त्याला मी काय सांगू?"

"सांगा, म्हशीला जिना चढता येतो का बघ."

"थट्टा नको."

"मग सरळ विचारतो. तुमचा नियम मोठा की माझी बायको?"

तो म्हणाला, "नियम सोसायटीचा आहे, मिस्त्री. बायको तुमची आहे."

माझा हात उठला होता. ती आतून म्हणाली, "साहेब, चहा घेऊन जा." तो घेतला नाही, पण दाराकडं वळून तिला नमस्कार करून गेला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली. रविवारी सकाळी टीव्हीवरची पौराणिक मालिका संपल्यावर, साडेदहाला, आवारात सभा. विषय पहिला, आवारातील चाकांच्या वाहनात वास्तव्य. विषय दुसरा, पाण्याची टाकी साफ करणे.

तेव्हापासून तिचा एकच उद्योग. कोण हो म्हणेल, कोण नाही. रोज मला विचारायची. "पहिल्या माळ्यावरचे हो म्हणतील ना? सहा नंबरवाले? ते येऊन बसतात, पण सेक्रेटरीच्या समोर हात वर करतील?" चार नंबरवाली नक्की नाही म्हणणार, असं तिचं ठाम मत. तिच्या दारासमोर रांगोळीची रेघ गेली म्हणून दोघींचं वाजलं होतं.

मी म्हणायचो, "झोप. नाही म्हणाले तरी मी हलवत नाही. कोण येतो बघू."

"तसं नको," ती म्हणायची. "भांडून राहायचं असतं तर वर काय वाईट होतं? त्यांना मी खाली हवी आहे का, ते मला कळू दे."

शनिवारी वाल सोलून झाले. तिनं ते झाकून ठेवले. जेवली थोडं. म्हणाली, जरा आडवी होते, चार वाजता उठवा. मी रॉकेल आणायला गेलो. आलो तर ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. चारला उठवायला गेलो तेव्हा हात गार होता.

रात्रीपर्यंत स्मशानातलं सगळं उरकलं. बिल्डिंगमधले सगळे पुरुष आले होते, सेक्रेटरीसुद्धा, पूर्ण वाट अनवाणी.

रविवारी सकाळी मी ट्रेलरच्या पायरीवर बसलो होतो. रात्री वर गेलोच नव्हतो. मालिका संपल्याचं संगीत सगळ्या घरांतून एकदम ऐकू आलं आणि मग शांत झालं. सेक्रेटरी खाली आला, हातात वही. समोर उभा राहिला.

"मिस्त्री, सभा आज रद्द करतो."

"का?"

"का म्हणजे काय? अशा दिवशी..."

"विषय बोर्डावर आहे ना?"

"पण आता त्या विषयाला..."

"विषय घ्या," मी म्हणालो. "तिला ऐकायचं होतं. पंधरा दिवस तिनं डोकं खाल्लंय माझं."

त्यानं वही काखेत घातली. मग वर बघून त्यानं हाका मारल्या. लोकं उतरली, खुर्च्या घेऊन. कुणी माझ्या जवळ बसलं नाही, सुतक होतं. मीही पायरीवरून हललो नाही. सेक्रेटरीनं विषय वाचला. आणि सगळ्यांचे हात लगेच वर. बायका डोळे पुसतायत, हात वर.

मी उभा राहिलो. म्हणालो, "असं नको. हे तुम्ही मेलेल्या बाईला देताय. ती आहे असं धरा. खाली राहणार, पावसाळ्यात राहणार, पुढच्या वर्षीपण राहणार. तुमच्या पोरांच्या क्रिकेटमध्ये येणार. रांगोळी इकडंतिकडं जाणार. आता सांगा."

गुजराती बेननं हात खाली केलाच नव्हता. बाकीच्यांचे खाली आले, आणि मग एक एक करून वर जायला लागले, या वेळी सावकाश. सगळे नाही गेले. सहा नंबरवाला मांडीकडं बघत बसला. पहिल्या माळ्यावरचे दोघे भाऊ, त्यातल्या एकाचा वर, एकाचा खाली.

"माझा विरोध आहे," सेक्रेटरी म्हणाला. "परवा होता, आजही आहे."

"अहो साहेब, आजच्या दिवशी तरी!" कुणीतरी मागून ओरडलं.

"राहू दे," मी म्हणालो. "लिहा त्यांचा विरोध. खरं बोलतायत."

मी सगळ्यांकडं नीट बघून घेतलं. चार नंबरवालीचा हात वर होता. सरळ, कोपरात न वाकवता.

सेक्रेटरीनं वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. मिस्त्री यांच्या पत्नीस आवारात राहण्यास बहुमताने परवानगी देण्यात येते. मग त्यानं दुसरा विषय घेतला. टाकी साफ करायची की नाही. मी त्यालाही बसलो, आणि साफ करायच्या बाजूनं हात वर केला.